आधी बघायला मिळेल का?

घुम्याला फोन करणारा माणूस आधी तारीख विचारतो, मग गाणी कोणती लावता ते विचारतो, आणि मग जरा घुटमळत, शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी तशा सुरात म्हणतो, "आम्हाला आधी बघायला मिळेल का? म्हणजे, तुमचा एखादा कार्यक्रम चालू असताना?"

घुम्याचं उत्तर ठरलेलं असे. "नाही हो. ते लोकांच्या घरचं कार्य असतं. तिथं परकं माणूस नेता येत नाही. उद्या तुमच्या कार्यात मी कुणी अनोळखी माणसं आणून उभी केली, तर चालेल का तुम्हाला?"

चालेल असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. एका दमात घुम्या एवढंच बोलायचा, आणि हेही शब्द त्याचे नव्हते. ते दादाचे होते. दादा ते बोलायचा तेव्हा समोरचा हसून तिथल्या तिथं तारीख पक्की करायचा. घुम्या बोलायचा तेव्हा समोरचा म्हणायचा, बरं, आणि फोन ठेवायचा. घुम्याला त्याचंही काही वाटायचं नाही. दादा आजारी पडल्यापासून त्याला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. जेवण गिळायचं, केबली गुंडाळायच्या, झोपायचं.

घुम्या हे नाव त्याला लहानपणी आईनं ठेवलं. घरी पाहुणे आले की हा दाराआड उभा राहून नुसता बघायचा. थोरला मात्र पाहुण्यांच्या चपला निघायच्या आत गोष्टी सांगायला लागायचा. पुढे दोघांनी मिळून लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या पार्ट्या इथे टेम्पोत सामान घालून गाणी वाजवायचा धंदा काढला, तेव्हा कामाची वाटणी करायची वेळच आली नाही. माइक दादाकडे. मिक्सर, लॅपटॉप, दिवे आणि त्यामागचा अंधार घुम्याकडे. लोक त्यांना एकत्रच बोलवायचे. दादा आणि घुम्या, जशी काही मीठ-मिरची.

दादा माइकवर सुटला की सुटला. मागच्या टेबलावर कोण रुसून बसलंय, कुणाचे बूट नवे आहेत, कुणाच्या आजोबांना नाचायचंय पण सून बघतेय, हे सगळं त्याला सभागृहात पाऊल टाकताच कळायचं. कुणाला लागेल असं मात्र तो कधी बोलला नाही. आणि थांबायचंही कधी नाही. गाणं सुरू व्हायची वेळ झाली की घुम्या मिक्सरमागून बोट हवेत गोल फिरवायचा. म्हणजे, आवरतं घे. दादा ते बोट स्वच्छ बघायचा, न बघितल्यासारखं करायचा आणि आणखी एक किस्सा सांगायचा. त्या बोटावरून दोघांची गाडीत कितीदा जुंपली असेल.

परकं माणूस न्यायचं नाही, हा नियम दादानं एका फजितीनंतर केला. सुरुवातीच्या दिवसांत त्यानं एका जोडप्याला, बघा हवं तर कोपऱ्यात उभं राहून, म्हणून एका लग्नात येऊ दिलं. कोपऱ्यात कसलं! नवरीच्या मावशीला वाटलं, ही मुलाकडची. मुलाच्या काकाला वाटलं, ही मुलीकडची. दोघांनाही पहिल्या पंगतीला बसवलं, आग्रह करकरून वाढलं, आणि घरच्यांचा फोटो काढायच्या वेळी ओढत नेऊन अगदी मधोमध उभं केलं. तो फोटो त्या घरात भिंतीवर लागला आणि पुढे कित्येक महिने दोन्ही घरं एकमेकांना विचारत राहिली, हे तुमचे कोण? दादा हे सांगताना त्या जोडप्याचे गोंधळलेले चेहरे करून दाखवायचा. वहिनी पदर तोंडाला लावून हसायची, घुम्यासुद्धा हसायचा.

मग एक दिवस दादा आंघोळ करून बाहेर आला, शर्टाची बटणं लावता लावता खाली बसला, आणि उठला तेव्हा त्याची उजवी बाजू गेलेली होती. वाचाही गेली. बोललेलं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द बाहेर पडेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष उलटलं, आली नाही.

त्याच आठवड्यात एका लग्नाला होकार दिलेला होता. घुम्या एकटा गेला. माइक हातात धरला आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. समोर माणसं खुर्च्यांना खिळल्यासारखी बसलेली. आता करायचं काय? दोघं भाऊ आपला प्रत्येक कार्यक्रम मिक्सरवरून लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून ठेवायचे. घामाघूम घुम्यानं लॅपटॉपमध्ये शोधून एका जुन्या कार्यक्रमातला तुकडा लावला. "चला मंडळी, खुर्च्या काही पळून जात नाहीत, उठा बघू!" दादाचा आवाज सभागृहभर घुमला. माणसं उठली. घुम्यानं बंद माइक तोंडाशी नेला आणि ओठ हलवले.

एकदा चाललं म्हणून ते पुन्हा केलं, आणि मग तेच होऊन बसलं. दादाच्या बोलण्याचे तुकडे कापून त्यानं बटणांच्या एका पाटीवर बसवले. हिरव्या बटणावर स्वागत, पिवळ्यावर चेष्टा, निळ्यावर नवराबायकोला पुढे बोलावणं, लालवर निरोप. मिणमिणत्या रंगीत उजेडात त्याच्या तोंडाकडे कोण बघतंय? ज्याचं कार्य असतं त्याला स्वतःच्या पाहुण्यांकडे बघायला फुरसत नसते. लोक जाताना त्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, काय बोलता हो तुम्ही! घुम्या मान हलवायचा. नाचणाऱ्या माणसांकडे तो कपडे धुवायच्या यंत्रात गरगरणाऱ्या कपड्यांकडे बघावं तसा बघायचा. थांबले की पुढचं बटण.

म्हणूनच नुसतं बघायला येणाऱ्या माणसाची त्याला धास्ती होती. पाहुणा नाचतो, खातो, भांडतो. बघायला आलेला फक्त बघतो. दादाचा नियम त्यामुळे घुम्याच्या आयताच कामी आला. नियम खरा होता, कारण मात्र आता वेगळं होतं. फारच कुणी मागे लागलं, तर तो घराच्या पुढच्या खोलीत ट्रायल द्यायचा. खुर्च्या पार पलीकडच्या भिंतीला लावायच्या, खिडक्या लावून ट्यूबलाइट बंद करायची, दिवे फिरवायचे आणि आपण स्पीकरच्या आडोशाला उभं राहायचं. ट्रायल सुरू व्हायच्या आधी वहिनी मधलं दार ओढून घ्यायची. मागच्या खोलीत दादाची कॉट होती. आवाजाचा त्याला त्रास होत असेल, एवढाच घुम्यानं त्याचा अर्थ लावला होता.

हा आवाज बंद पडला तर धंदा बंद, आणि धंदा बंद म्हणजे दादाचं जे काही उरलंय तेही बंद, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. लग्न त्यानं केलं नव्हतं. कुणाला काही विचारायची सवयही नव्हती.

अशात एका दातांच्या डॉक्टरबाईंचा फोन आला.

"माझ्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत," बाई म्हणाल्या. "मला आधी तुम्हाला बघायचंय."

घुम्यानं ठरलेलं उत्तर दिलं.

"अगदी बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "मीही नाही येऊ देणार कुणाला. मग तुमच्याकडे येते. आणि हो, गाणी नका ऐकवू. गाणी माझ्या मोबाइलमध्येही आहेत. माझ्या भावाच्या लग्नात तुमच्यातल्याच एका शहाण्यानं नवरीच्या जाडीवर विनोद केले, माइकवरून. बिचारी अजून लग्नाचा अल्बम उघडत नाही. तेव्हा मला माणूस कसा बोलतो ते ऐकायचंय. तुम्ही फार छान बोलता म्हणे."

त्या महिन्यात दुसरं काहीच काम आलेलं नव्हतं. घुम्या म्हणाला, "या."

बाई दुपारी आल्या, त्या सांगितलेल्या वेळेच्या आधीच. घुम्या मागच्या अंगणात केबल सोडवत होता. वहिनी औषधं आणायला गेली होती आणि मधलं दार उघडं होतं. घुम्या केबल घेऊन पुढे आला तो खोलीच्या उंबऱ्यातच थबकला. पलीकडच्या भिंतीजवळच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत दादा. काठी पायांत उभी धरलेली. अंगात कार्यक्रमांना घालायचं काळं जाकीट. ते त्यानं एका हातानं चढवलं असणार, कारण बटणं एक घर चुकून लागली होती.

"हेही बघायलाच आलेत," बाई घुम्याला म्हणाल्या. "मी विचारलं तर मान डोलावली. फार बोलत नाहीत. माझ्या खुर्चीत बसणारे सगळे असेच असतात, आ वासून बसतात पण बोलत कुणी नाही."

दादाच्या तोंडाची डावी बाजू हसली. घुम्यानं सांगायला हवं होतं की हा माझा भाऊ. पण एक सांगितलं की दुसरं सांगावं लागतं. त्यानं ट्यूबलाइट बंद केली, दिवे फिरवले, गाणं बारीक लावलं. आणि बंद माइक ओठांशी नेऊन हिरवं बटण दाबलं.

"या या या! आलात ते बरं केलंत," दादाचा आवाज म्हणाला. "उशीर झालेल्यांना शिक्षा एकच. त्यांनी सगळ्यात आधी नाचायचं!"

बाई हसल्या. घुम्यानं पिवळं बटण दाबलं. मागच्या टेबलावरच्यांची चेष्टा सुरू झाली. बाई आता हसत नव्हत्या. मान जरा वाकडी करून, डोळे बारीक करून त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचा दिवसच लोकांच्या तोंडात बघण्यात जायचा, हे घुम्याच्या तेव्हा ध्यानात आलं. तरी त्याचे ओठ हलतच राहिले.

तेवढ्यात काठीचा ठक ठक आवाज आला. दादा उठला होता. फिरत्या दिव्यांमधून एक पाय ओढत तो थेट मिक्सरपाशी आला. आवाज कमीजास्त करायच्या एवढ्या पट्ट्यांतली आपल्या आवाजाची पट्टी कुठली, ते त्याला शोधावं लागलं नाही. काठी मिक्सरला टेकवून डाव्या हातानं त्यानं ती खाली ओढली. आवाज वाक्याच्या मध्येच बंद झाला. मग त्यानं घुम्याच्या हातातला माइक घेतला, उलटा धरून घुम्याच्याच छातीवर ठोकला, आणि परत हातात दिला.

घुम्यानं माइक चालू केला. "हा," तो म्हणाला. स्पीकरमधून काही आलं नाही.

"सेल बघा त्यातले," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

त्यानं माइक उघडला. आतले सेल कधीचे पाझरून त्यांची पांढरी भुकटी झाली होती. वर्षभर हे झाकण कुणी उघडलंच नव्हतं. बाईंनी स्वतः उठून ट्यूबलाइट लावली. त्या उजेडात खोली फार लहान दिसली.

"ओठ आणि शब्द जुळत नव्हते," बाई म्हणाल्या. "कुणाचा आवाज आहे हा?"

घुम्यानं बोटानं दादाकडे दाखवलं.

बाईंनी दादाच्या चेहऱ्याकडे, त्याच्या लोंबत्या उजव्या हाताकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर घुम्याला सोपं गेलं असतं. "आणि आमच्याकडे कोण बोलणार?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," घुम्या म्हणाला.

"कळवते मग," बाई म्हणाल्या, आणि दादाला नमस्कार करून गेल्या. कळवते म्हणजे काय, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

वहिनी परत आली तेव्हा दादा कॉटवर झोपला होता, जाकिटासकट. घुम्या खुर्चीत बसून होता. काय झालं ते त्यानं चार शब्दांत सांगितलं. वहिनीनं औषधांची पिशवी खाली ठेवली.

"बरं झालं," ती म्हणाली.

घुम्यानं वर बघितलं.

"तू तो आवाज लावलास की ते भिंतीकडे तोंड करतात, भाऊजी. पार ट्रायल संपेपर्यंत. उशी कानावर धरायला बघतात, पण एका हातानं कितीशी धरता येणार? म्हणून मी दार लावते. दार लावून का कुठं आवाज थांबतो!"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल. आणि ठाऊक असून करतोयस म्हटल्यावर, काय बोलायचं माणसानं? घर तर चालायला हवं." ती आत गेली, पुन्हा दारात आली. "ते बोलायचे ना, तेव्हाही म्हणायचे मला, घुम्या बोलला तर माझ्यापेक्षा बरा बोलेल. मी म्हणायचे, बोलला तर ना!"

घुम्या बसूनच राहिला. आपण वर्षभर भावाचा आवाज जपतोय असं त्याला वाटत होतं. जपत कसला होता! भिंतीपलीकडे तो माणूस कान झाकत होता आणि हा इकडे ओठ हलवत होता. त्याला लाज वाटली. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे. पण रडूबिडू आलं नाही. त्यानं उठून दिव्यांच्या वायरी काढल्या आणि गुंडाळून ठेवल्या.

सकाळी मिक्सरवर दादाच्या टीव्हीचा रिमोट ठेवलेला दिसला. मागचं झाकण उघडं. आतले दोन्ही सेल शेजारी काढून ठेवलेले. दादाचा सगळा दिवस त्या टीव्हीसमोर जायचा, त्याला दुसरं होतं काय?  घुम्यानं सुरीच्या टोकानं माइकच्या आतली पांढरी भुकटी खरवडून काढली, कापडानं पुसलं आणि ते सेल घातले. माइक चालू करून त्यात फुंकर मारली. मागच्या खोलीतून काठी एकदा जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

मग त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. स्वतः होऊन गिऱ्हाईकाला फोन लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "गाणीवाला. तुम्ही पुन्हा एकदा बघायला याल का?"

"काय बघायला?" बाईंनी विचारलं.

घुम्यानं विचार केला. "ते मलाही बघायचंय," तो म्हणाला.

पलीकडे बाई जरा हसल्या. "येते," म्हणाल्या.

या खेपेला ट्यूबलाइट चालू होती. खुर्च्या घुम्यानं भिंतीपासून ओढून पुढे आणल्या होत्या. एकीत बाई, एकीत वहिनी, मध्ये दादा. त्याच्या जाकिटाची बटणं वहिनीनं नीट लावून दिली होती. बटणांच्या पाटीवर कापड टाकलेलं होतं. घुम्यानं माइक तोंडाशी नेला, आणि काहीच आलं नाही.  स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. कुणी हसलं नाही. दादा जमिनीकडे बघत होता.

"हा माझा दादा," घुम्या शेवटी म्हणाला. स्वतःचा आवाज खोलीभर ऐकून तो दचकलाच. कसला घोगरा, कसला सपाट आवाज! "बोलायचं काम ह्याचं होतं. मला येत नाही." मग तो पुन्हा थांबला. "तुमचे आईवडील आले की मी त्यांना सांगीन, बसा. नाचा म्हणून नाही सांगणार. नाचायचं त्यांना वाटलं तर गाणं असेल. तोवर मी थांबेन. मला थांबता येतं."

 बाई म्हणाल्या, "माझे वडीलही फार बोलत नाहीत. आई म्हणते, पन्नास वर्षांत पोस्टकार्डावर मावेल इतकं बोललेत." त्या मागच्या भिंतीकडे वळून बघायला लागल्या. "फक्त इतक्या हळू बोललात तर मागच्या टेबलावरच्यांना ऐकू जाईल का? तिथं सगळ्या आत्या बसणार आहेत. आवाज जरा वाढवून घ्या त्या दिवशी."

त्या दिवशी, असं बाई म्हणाल्या. वहिनीनं पदरानं नाक पुसलं. घुम्याला ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर माइक खाली ठेवावा की नाही हे त्याला समजेना. म्हणून तो बोलतच राहिला. मागच्या टेबलावरून त्याला ते जोडपं आठवलं, आणि त्यानं बाईंना सांगितलं की परकं माणूस कार्यात न्यायचं नाही हा नियम कसा झाला. मावशी सांगितली, काका सांगितला, पंगत सांगितली. भिंतीवरचा फोटो सांगताना त्यानं त्या दोघांचे गोंधळलेले चेहरे करून दाखवायचा प्रयत्न केला. ते त्याला मुळीच जमले नाहीत, आणि त्यावरच बाई खो खो हसत सुटल्या. मग टेम्पो भर रस्त्यात बंद पडून नवरदेवाला स्पीकर ढकलावे लागले होते, ते आठवलं. मग आणखी एक आठवलं. घुम्याचे डोळे वाहत होते आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

मधल्या खुर्चीत दादानं डावा हात वर केला आणि एक बोट हवेत गोल फिरवलं. आवरतं घे.

घुम्यानं ते बोट स्वच्छ बघितलं. न बघितल्यासारखं केलं, आणि पुढचा किस्सा सुरू केला.